फॉरमॅटला नाही म्हटलं म्हणून कागद वाचले

बेळगावजवळच्या आमच्या खानापूरला जुलैत लाइट किती वेळा जाते हे इकडच्या माणसाला सांगायला नको. अशीच एका संध्याकाळी ती गेली, आली, लगेच पुन्हा गेली. नंतर कॉम्प्युटर सुरू केला तर डी ड्राइव्ह उघडेना. ‘वापरायचा असेल तर आधी फॉरमॅट करा’ एवढंच येत होतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये एनटीएफएसच्या (विंडोजची फायली मांडून ठेवायची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टीम) जागी ‘रॉ’ दिसत होतं. रॉ म्हणजे विंडोजला फाइल सिस्टीम ओळखता येत नाही. फायली पुसल्या गेल्या असा त्याचा अर्थ नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा.

त्या ड्राइव्हवर आजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद स्कॅन करून ठेवले होते. १९५६ च्या आधीचे, हा भाग मुंबई राज्यात होता तेव्हाचे. बरेचसे मराठीत, काही मोडीत. मूळ कागद वाटणीनंतर नंदगडला चुलत्यांकडे गेले आणि त्यातल्या काहींना वाळवी लागली.

कॅबिनेट उचलून बेळगावला एका दुकानात नेलं. काउंटरवरच्या पोरानं जोडून बघितलं आणि म्हणाला, “फॉरमॅट मारून देतो की सर, संध्याकाळी न्या.” आत काय आहे, हे विचारलंसुद्धा नाही. डेटा पाहिजे म्हटल्यावर, “मग चेकडिस्क मारून बघूया.” या उत्तराचा राग अजून गेलेला नाही. चेकडिस्क म्हणजे विंडोजचा ड्राइव्ह तपासून दुरुस्त करायचा प्रोग्रॅम, आणि मुळात रॉ ड्राइव्हवर तो चालतच नाही. आणि जिथं चालतं तिथं ते दुरुस्तीसाठी त्याच डिस्कवर लिहितं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये माझ्या डिस्कचे ‘पेंडिंग सेक्टर’ (डिस्कला नीट वाचता न येणारे छोटे तुकडे) दिसत होते, म्हणजे फाइल सिस्टीमच नव्हे, डिस्कही खराब व्हायला लागली होती. अशा डिस्कवर काहीही लिहायचं नाही. आधी तिची अख्खी कॉपी, मग जी काही दुरुस्ती ती कॉपीवर. कॅबिनेट परत उचललं.

तेवढीच एक टीबीची नवी डिस्क घेतली (मूळ डिस्कपेक्षा लहान चालत नाही), पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम) चालू केलं आणि खराब डिस्कची कॉपी करणारा डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम लावला. चांगली डिस्क असती तर तीन-एक तासांत काम झालं असतं. माझं सुरुवातीला झपाट्यानं गेलं आणि खराब सेक्टर लागल्यावर वेग पार सेकंदाला काही केबीवर आला. आकडा हलेना. डिस्कमधून टकटक आवाज. आणि त्यात लाइट गेली.

इथं एकच गोष्ट कामाला आली, ती म्हणजे मॅपफाइल. कुठपर्यंत वाचून झालं, कुठं अडलं, हे डीडीरेस्क्यू तिच्यात लिहून ठेवतं. तीच फाइल देऊन तीच कमांड पुन्हा दिली की काम राहिलं तिथून पुढं चालू होतं. पण पेनड्राइव्हवरून चालवलेलं उबुंटू रॅममध्ये असतं. मॅपफाइल तिथंच राहिली तर लाइटबरोबर ती पण जाते. मी ती वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवली होती, म्हणून दर वेळी पहिल्यापासून करावं लागलं नाही.

तरी जीव मेटाकुटीला आला. यूपीएसची बॅटरी दमलेली, पाऊस थांबत नव्हता. शेवटी सगळं सामान गाडीत घालून वडगावला आत्याकडे नेलं, तिच्याकडे इन्व्हर्टर आहे. आत्या म्हणाली, “राहू दे रे इथंच, काय खायला मागतंय ते?” पहिल्या फेरीत डीडीरेस्क्यूच्या कमांडला ‘-एन’ लावून अडलेले भाग सोडून दिले, चांगला भाग आधी वाचून घेतला. मगच ‘-आर३’ लावून अडलेल्या ठिकाणी पुन्हा प्रयत्न. हा क्रम उलटा करू नका. डिस्क मध्येच बंद पडली तर निदान चांगला भाग तरी हाताशी असतो.

आणखी एक, हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं: प्रत्येक रीस्टार्टनंतर उबुंटूनं डिस्कना दिलेली नावं बदलू शकतात, एसडीए होतं ते एसडीबी होतं. कमांड देण्याआधी दर वेळी मॉडेल आणि सिरियल नंबर बघा. जुनी-नवी उलट झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल.

पुढचं काम पटकन झालं. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची (ड्राइव्हची ओळख असलेला सुरुवातीचा तुकडा) एक प्रत पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कवरच्या त्या ड्राइव्हच्या भागाच्या, अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं. टेस्टडिस्क नावाच्या फुकट प्रोग्रॅमनं ती शोधून जागेवर बसवली, कॉपीवर. मग जुनी डिस्क काढून ठेवली आणि फक्त नवी जोडून विंडोज सुरू केलं, कारण दोन्हीची सही (डिस्कवर लिहिलेला ओळख क्रमांक) एकच असली की विंडोज त्यातली एक ऑफलाइन करतं. आता चेकडिस्क चालवलं. फोल्डर नावांसकट दिसले तेव्हा आत्याला हाक मारून दाखवले.

चेकडिस्कनं ‘ठीक’ म्हटलं म्हणून प्रत्येक फाइल ठीक असते असं नाही. जे सेक्टर वाचलेच गेले नाहीत त्यांच्या जागी कॉपीत काहीच नसतं, त्यामुळं काही स्कॅन निम्म्यापासून खाली राखाडी निघाले. सगळे एकेक उघडून बघितले आणि खराब निघालेल्यांची यादी केली. पाऊस उघडला की तेवढ्यांसाठी नंदगडला स्कॅनर घेऊन जाणार आहे. जुनी डिस्क तोपर्यंत टाकत नाही.