देवघेव ॲप: तिसरा आठवडा, आणि कपाटातल्या तीन प्रती

सोसायटीच्या वाचनालयाचं देवघेव ॲप अखेर नेटबीन्समधून (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) ग्लासफिश ७ या जावा सर्व्हरवर चढलं. वर जेएसएफची वेबपानं, मध्ये कामाचे नियम सांभाळणारं ईजेबी, खाली डेटाबेसशी बोलणारं जेपीए आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. एवढ्याशा वाचनालयाला इतके मजले कशाला, असं घरचे विचारतात. हौस!

सुरुवात जुन्या ट्युटोरियलमधला कोड उचलून केली, तिथेच दोन संध्याकाळी गेल्या. बिल्ड बिनतक्रार, डिप्लॉय (सर्व्हरवर चढवणं) बिनतक्रार आणि रेस्टच्या पत्त्यावर (जिथून दुसरे प्रोग्राम ॲपशी बोलतात) ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'. जकार्ता ईई (सर्व्हरवरच्या जावाचं मानक, आधीचं जावा ईई) ९ पासून पॅकेजांची नावं 'जावाएक्स'वरून 'जकार्ता' झाली आहेत. पॉममध्ये (लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी असलेली फाइल) जुनी लायब्ररी होती म्हणून कंपायलर गप्प, आणि सर्व्हरला जुनी ॲनोटेशन्स (कोडवर लावायच्या खुणा) ओळखताच येईनात. मग सरसकट फाइंड-रिप्लेस मारलं, तर 'जावाएक्स.एसक्यूएल'ही बदललं. ते खुद्द जेडीकेतलं (मूळ जावाच्या संचातलं), तिथे जुनंच नाव चालतं. पुन्हा लाल रेघा.

खरी गंमत पुढे. वाचनालय सांभाळणाऱ्या काकू म्हणाल्या, "अरे, कपाटात तीन प्रती आहेत, तुझा कॉम्प्युटर एकच दाखवतोय." माझ्या स्टेटलेस बीनमध्ये (ईजेबीचाच एक प्रकार) आधी शिल्लक प्रत एकाने कमी होते, मग सभासदाकडे आधीच दोन पुस्तकं आहेत का ते तपासून मी माझं स्वतःचं एक्सेप्शन, म्हणजे अडचणीचा इशारा, फेकतो. स्क्रीनवर "मर्यादा संपली" नीट दिसत होतं, त्यामुळे मी निर्धास्त. नेटबीन्समध्ये सर्व्हर डीबग मोडला टाकून ब्रेकपॉइंट (जिथे कोड थांबवून पाहता येतो) लावला: एक्सेप्शन बाहेर पडतं आणि त्यानंतर ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधल्या बदलांचा एक गठ्ठा) चक्क कमिट, म्हणजे पक्कं, होतं! माझं एक्सेप्शन चेक्ड (कंपायलर ज्याची दखल घ्यायला लावतो तसं) होतं. कंटेनर (बीन चालवणारा सर्व्हरचा भाग) अशा एक्सेप्शनला धंद्याच्या नियमातली बाब समजतो, रोलबॅक करत नाही, म्हणजे बदल मागे घेत नाही. आपोआप रोलबॅक होतं ते रनटाइम एक्सेप्शनला. एंटिटी (डेटाबेसमधल्या नोंदीचं कोडमधलं रूप) मॅनेज्ड, म्हणजे जेपीएच्या नजरेखाली, असल्यामुळे कमी झालेला आकडा कमिटच्या वेळी गुपचूप डेटाबेसमध्ये. दोन सभासदांना नकार मिळाला, दोन प्रती हवेत.

एक्सेप्शनच्या क्लासवर 'ॲप्लिकेशनएक्सेप्शन' ॲनोटेशन आणि त्यात रोलबॅक ट्रू, एवढंच. तपासणी आधी आणि वजाबाकी नंतर, असा क्रमही बदलला (तो मुळातच तसा हवा होता, कबूल). आकडे हाताने दुरुस्त केले, काकूंनी वहीशी ताडून पाहिले.

आता एक्लिप्सलिंकचा (जेपीएचं काम करणारी लायब्ररी) एसक्यूएल लॉग 'फाइन' पातळीवर ठेवलाय. ४० सभासदांच्या यादीला ४१ क्वेरी जाताना दिसतात (यादीची एक आणि प्रत्येक सभासदामागे एक). रविवारी जॉइन फेच (सगळं एकाच क्वेरीत आणणं) लावून बघतो.