देवांना सांगायचं असतं

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं आमचं घर यंदाच्या पावसात राहण्याजोगं उरलं नाही. माजघरात सात ठिकाणी भांडी ठेवायची आणि आईने रात्री दोनदा उठून ती ओतायची. तिचं वय ऐंशीला एक कमी. तिला फोंड्याला माझ्या फ्लॅटवर आणायचं हे ठरायलाच दोन वर्षं गेली, आणि ठरल्यावर प्रश्न उरला देवांचा. एक बाळकृष्ण, एक अन्नपूर्णा, एक शिवाचा बाण, दोन शाळिग्राम आणि सोंड झिजलेला गणपती. पणजोबांच्याही आधीपासून ही मंडळी त्याच कोनाड्यात बसलेली.

भटजींना विचारलं तर ते म्हणाले, गाऱ्हाणं घाला, नारळ ठेवा, उचला. मला ते पटलं. आईला नाही.

"आधी अंत्रुजात जाऊन येऊ," ती म्हणाली. अंत्रुज म्हणजे फोंड्याचा परिसर, त्याचं जुनं नाव. "तिथल्या देवांना ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"घर सोडून जायचं कसं, ते."

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी निघालो. साखळीहून आमोण्याचा पूल ओलांडून माशेलला पहिला थांबा, देवकीकृष्ण. कृष्णाची देवळं पुष्कळ असतात, पण इथे देवकी उभी आहे आणि बाळ तिच्या कडेवर. आई दरवेळी इथे जरा जास्तच रेंगाळते. हा देव मुळात चोडण बेटावरचा. तिथून मयेला आणि मयेहून माशेलला. म्हणजे एकदा नव्हे, दोनदा बिऱ्हाड हललं. आईने ओटीचं ताट पुढे केलं आणि मला कोपराने ढोसलं, "बघ, पोराला कडेवर घेऊन निघालीय." मी ती मूर्ती लहानपणापासून बघतेय. ती निघालेली आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

बाणस्तारीच्या पुढे पावसाने रस्ता दिसेना. मंगेशीला पोचलो तेव्हा टुरिस्ट बसगाड्या आधीच लागलेल्या, दोन्ही बाजूंनी टोप्या, काजू आणि कोकमाच्या बाटल्या. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना मंगेशी म्हटलं की आधी मंगेशकर आठवतात, त्यात गैर काही नाही. पण दीपस्तंभासमोर फोटोसाठी ताटकळणाऱ्या त्या गर्दीत हा देव मूळचा झुआरीपलीकडच्या कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, हे किती जणांना माहीत असेल? 1560 साली, पोर्तुगीजांचा जाच असह्य झाल्यावर, लिंग नदी ओलांडून इकडे आणलं. अंत्रुज तेव्हा आदिलशहाकडे होता. फोंडा महाल पोर्तुगीजांच्या हातात गेला तो 1763 साली, दोनशे वर्षांनी; तोवर त्यांचा पहिला जोर ओसरला होता, म्हणून ही देवळं टिकली.

हे सगळं शाळेत पाठ केलं होतं. त्या दिवशी मात्र डोक्यात वेगळंच घोळत राहिलं. लिंग उचललं कुणी? कशात ठेवलं? होडीत ते मांडीवर घेऊन कोण बसलं असेल? अशा वेळी आपला आवाज चढतो की अजिबात फुटत नाही? मी हे आईला बोलून दाखवलं आणि म्हटलं, "देवाला विचारलं असेल का गं त्यांनी, येतोस का म्हणून?"

"विचारलं नसेल," आई म्हणाली. "सांगितलं असेल. असल्या वेळी विचारत बसायचं नसतं, सांगायचं असतं."

मंगेश हे नाव पार्वतीच्या घाबरण्यातून आलं म्हणतात. शंकर वाघ होऊन समोर आला आणि 'त्राहि मां गिरीश' म्हणताना तिची बोबडी वळली. लहानपणी मला ही गोष्ट हसण्यासारखी वाटायची. आता वाटतं, नीट उच्चारही न जमलेली हाक त्याने स्वतःचं नाव म्हणून ठेवून घेतली, हे केवढं! माझी प्रार्थना बहुतेक वेळा तशीच असते, अर्धी तोंडात आणि अर्धी किराणाच्या यादीत.

मार्दोळला जायांचे, म्हणजे जाईच्या फुलांचे दिवस. देवळाबाहेर फाती, म्हणजे कळ्यांचे गुंफलेले गजरे, घेऊन बसलेल्या बायका, आणि ओल्या कळ्यांचा तो वास, जो बाटलीत कुणालाच भरता आलेला नाही. आईने चार फाती घेतल्या, तीन म्हाळसेला, एक स्वतःच्या अंबाड्यावर. म्हाळसा मूळची वेर्ण्याची. तिथली जागा जुनें मार्दोळ म्हणून ओळखली जाते, आणि अलीकडे तिथे पुन्हा देऊळ उभं राहिलंय. म्हणजे आता तिला दोन्ही घरं. इथल्या घंटेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: ती एरवी वाजवत नाहीत, तिच्यासमोर खोटं बोलणाऱ्याची खैर नाही. आई तिच्याकडे बघत म्हणाली, "तुझ्या बिल्डरला आणायला हवं इथे." मी तिला हळूच पुढे काढली.

नागेशीला मात्र आम्ही तासभर बसलो. बांदिवड्याचा नागेश कुठून आलेला नाही, तो पहिल्यापासून इथलाच. आवारात शिलालेख आहे, शके 1335 चा, म्हणजे 1413 सालचा, विजयनगरच्या देवरायाच्या काळातला. पोर्तुगीज गोव्यात यायला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षं होती. वर लाकडावर कोरलेलं रामायण आहे, ते बघताना माझी मान दुखते आणि दरवेळी कुठलं तरी माकड नव्याने सापडतं.

पण आम्ही बसलो ते तळीवर. माड वाकलेले, पायऱ्या शेवाळलेल्या, पाऊस नुकता थांबलेला. तळीच्या समोरच्या काठावर एका ठरावीक जागी उभं राहिलं की थेट गाभाऱ्यातली समई दिसते. आई ती जागा शोधत होती. एक पाऊल डावीकडे, अर्धं मागे. तिचा हात माझ्या दंडावर, आणि घसरेल या भीतीने माझं सगळं लक्ष तिच्या पायांकडे. मग ती थांबली. "दिसली." मी तिच्या खांद्यामागून बघितलं. काळोखात तांदळाएवढा पिवळा ठिपका. माडाच्या झावळीवरून पाणी ओघळलं की तळीत वलयं उठायची, तो ठिपका मात्र जागचा हलत नव्हता. आई काही पुटपुटली नाही, हातही जोडले नाहीत. फक्त दंडावरची पकड सैल झाली.

मी घरच्या देवांपुढे रोज बसते, पण खरं सांगायचं तर देव आहे असं मला रोज वाटत नाही. त्या पाच मिनिटांत वाटलं. त्याहून जास्त लिहिता येणार नाही.

रामनाथी या वेळी राहिलं, आईचे गुडघे बोलायला लागले होते. कवळ्याला शांतादुर्गेकडे गेलो तेव्हा दुपार टळलेली. ती केळोशीहून आलेली; आजचं देऊळ 1738 सालचं, शाहू महाराजांच्या राजवटीतलं. विष्णू आणि शिव भांडत होते, तिने मध्ये पडून दोघांना शांत केलं, म्हणून शांतादुर्गा. माझे दोघे भाऊ फोनवर घर विकण्यावरून एकमेकांशी कसे बोलतात ते मला ठाऊक असल्याने मी तिथे जरा मोठ्याने नमस्कार केला. आईने खण-नारळ ठेवला. सोमवारचा तिचा उपास, मी मात्र फोंड्यात पातळ भाजी आणि बन खाल्ला, तिच्यासमोर, निर्लज्जपणे.

गुरुवारी देव उचलले. आईने कोनाड्यासमोर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, भटजींनी सांगितलेलं नव्हे, स्वतःचं. कौलं गळतात, सून मुंबईला आहे, मुलीचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे पण लिफ्ट आहे, असं सगळं. मग एकेक देव पंच्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात. शाळिग्राम शेवटी. कोनाड्यात त्यांच्या तळाचे दोन गोल डाग उरले, तेलाने काळे आणि कडेला कुंकवाचे. डबा गाडीत मी मांडीवर धरला, गाडी नवऱ्याने चालवली, आणि आमोण्याच्या पुलावर तिघंही गप्प होतो.

इथे त्यांना स्वयंपाकघरातल्या पूर्वेच्या भिंतीला जागा केलीय. पहिल्या दिवशी पंख्याने समई दोनदा विझली. तेव्हापासून पूजा होईपर्यंत पंखा बंद, आणि आम्ही घामाघूम. काल सकाळी चहा घ्यायला आले तर आई ताम्हनात पाणी ओतता ओतता देवांशी बोलत होती.

"विहीर नाही हो इथे. नळाचं आहे, औषधाचा वास येतो थोडा. चालवून घ्या."