काच की प्लास्टिक हे नंतर, आधी डब्याची उंची बघ

भाचा आता एकटा राहायला लागलाय. स्वयंपाक येतो त्याला, पण अंदाज येत नाही, त्यामुळे रोज काहीतरी उरतंच. परवा त्याचा मेसेज आला, “मावशी, उरलेलं ठेवायला काचेचे डबे घेऊ की प्लास्टिकचे? पटकन सांग, दुकानात उभा आहे.” मी लिहिलं, “आज काही घेऊ नकोस, जेवायला ये.” तो आला, जेवला आणि मग त्याला बरंच काही ऐकून घ्यावं लागलं.

काच की प्लास्टिक हा माझ्या मते तिसऱ्या नंबरचा प्रश्न. पहिला प्रश्न डबा किती खोल आहे हा, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये जितका वेळ रेंगाळतं, तितकी जिवाणूंची चंगळ होते. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम साधा आहे: शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका आणि फ्रीज ५ अंशांच्या खाली ठेवा. हा नियम माहीत असलेली माणसंही अख्खं पातेलं उचलून फ्रीजमध्ये ठेवतात आणि निर्धास्त होतात. फ्रीजचं दार लावलं म्हणजे अन्न गार झालं असं नसतं. उंच डब्यात दाबून भरलेला भात घ्या. बाहेरून डबा गारेगार लागतो, पण मधला गोळा कितीतरी वेळ कोमट असतो. अशा घट्ट अन्नात मधली उष्णता बाहेर यायला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या हिशोबानं वाढतो. थर दुप्पट झाला की वेळ जवळजवळ चौपट. सूप किंवा पातळ रस्सा आतल्या आत फिरत राहतो म्हणून जरा लवकर निवतो. भाताला ती सोय नाही.

भाताचं नाव मुद्दाम घेतलं. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. भात कोमट राहिला की ते जागे होतात, आणि त्यांच्या काही जाती सेर्युलाइड नावाचं विष तयार करतात. ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही. “उद्या चांगलं खळखळून गरम करू की” या वाक्याचा इथे काडीचाही उपयोग नाही. म्हणून डबा उथळ हवा, अन्नाचा थर फार तर ५ सेंटिमीटर. एका उंच डब्याऐवजी दोन पसरट. फ्रीजमध्ये पहिला अर्धा-पाऊण तास एकावर एक रचू नका, भोवती हवा खेळू द्या. अन्न कोमट असताना फ्रीजमध्ये ठेवलेलं चालतं, पूर्ण निवायची वाट बघत ओट्यावर ठेवणं जास्त वाईट.

भाचा म्हणाला, “पण उंच डबे जागा कमी खातात ना?” खातात. म्हणूनच दुकानात ते छान दिसतात. पण फ्रीजमध्ये जागा खरी खातो तो गोल आकार. गोल डबा त्याच रुंदीच्या चौकोनातली साधारण २१ टक्के जागा कोपऱ्यांमध्ये वाया घालवतो. त्यामुळे चौकोनी किंवा आयताकृती घ्या. कोपरे मात्र आतून गोलसर हवेत, नाहीतर घासताना बोटं शिणतात.

आता झाकण. माझं ठाम मत आहे की डबे जातात ते झाकणापायी. १९४६मध्ये अमेरिकेत अर्ल टपर यांनी पॉलिइथिलीन या प्लास्टिकचे डबे, म्हणजे टपरवेअर, बाजारात आणले. त्यातली खरी करामत झाकणाची होती. रंगाच्या डब्याचं झाकण उलटं कल्पून त्यांनी ती घट्ट बसणारी कड बनवली, आणि मधे दाबून थोडी हवा बाहेर सोडायची युक्ती त्यात होती. दुकानात ठेवून ते फारसं खपेना, कारण झाकण लावायचं कसं हेच लोकांना कळत नव्हतं. घरोघरी बायकांना जमवून ते लावून दाखवायला लागल्यावर विक्री वाढली, आणि १९५१मध्ये तर कंपनीनं दुकानातली विक्री बंदच केली. एवढी वर्षं झाली तरी दुकानात झाकण उघडून बघणारी माणसं मला अजून फारशी दिसत नाहीत.

मी काय बघते? चारही बाजूंनी क्लिप असलेलं झाकण असेल तर आतलं सिलिकोनचं रबर नखानं निघतंय का ते बघते. निघत नसेल तर डबा परत फळीवर. त्या खाचेत तेलकट पाणी साचतं, काळी बुरशी धरते, आणि आपण वरून झाकण चकचकीत घासून खूश असतो. कुबट वास येतो तो बहुतेक वेळा या रबराचाच. माझी ताई दर वेळी डबा बदलायची, मी एकदा तिला रबर काढून दाखवलं. ती किंचाळली.

क्लिपा तुटतात त्या बिजागरीपाशी. ही झाकणं बहुतेक पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची असतात. एरवी ते वाकवावं तितकं वाकतं, पण शून्य अंशाच्या आसपास आणि त्याखाली ठिसूळ होत जातं. फ्रीझरमधून काढल्या काढल्या क्लिप ओढायची नाही, पाच मिनिटं थांबायचं. आमच्याकडे हे फक्त मी पाळते. नवरा पाळत नाही, म्हणून फ्रीझरसाठी मी साधं दाबून बसणारं झाकणच ठेवते.

गरम वाफाळतं अन्न भरून झाकण लगेच घट्ट लावलं की आतली वाफ निवून पाणी होते, दाब कमी होतो आणि झाकण खाली ओढलं जाऊन चिकटतं. शिवाय झाकणाला जमलेलं पाणी अन्नावर टपकत राहतं. वाफ जाईपर्यंत एक कोपरा उघडा ठेवायचा.

एवढं ऐकून घेतल्यावर भाच्याला काच-प्लास्टिक विचारायचा हक्क मिळाला.

मी काचेच्या बाजूची आहे. काचेला वास लागत नाही, डाग पडत नाही, आत काय आहे ते दिसतं, आणि दिसलेलं अन्न संपतं. पण काच म्हणजे एकच काच नव्हे. बोरोसिलिकेट काच १८८०च्या दशकात जर्मनीत ऑटो शॉट यांनी तयार केली, आणि १९१५पासून अमेरिकेत पायरेक्सच्या नावानं ती स्वयंपाकघरात आली. तापल्यावर ती साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून तापमानातला फरक जास्त सोसते. हल्ली बरेच काचेचे डबे साध्या सोडा-लाइम काचेला टेम्पर करून, म्हणजे तापवून झटकन गार करून कणखर करून, बनवलेले असतात. आपटले तर ते जास्त टिकतात, पण थंड-गरम धक्का कमी सोसतात. डब्याखाली किंवा खोक्यावर लिहिलेलं वाचा. आणि बोरोसिलिकेट असली तरी फ्रीझरमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नाही म्हणजे नाही. फ्रीझरमध्ये ठेवताना वर बोटभर जागा सोडा, कारण पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. सरळ भिंतींचा डबा हे सहन करतो. वर गळा निमुळता होणाऱ्या बरणीला तिथेच तडा जातो.

काचेचं वजन होतं, हे खरं. आणि काचेच्या डब्यालाही झाकण बहुतेक वेळा प्लास्टिकचंच असतं, हेही खरं. त्यामुळे गरम करताना झाकण बाजूला, वर नुसती बशी.

प्लास्टिकच घ्यायचं तर तळाशी त्रिकोणात ५ आकडा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, शोधा. ही आकड्यांची पद्धत १९८८मध्ये आली ती कचऱ्यातलं प्लास्टिक वेगळं करता यावं म्हणून. तो आकडा म्हणजे मायक्रोवेव्हची परवानगी नव्हे. त्याची खूण वेगळी छापलेली असते. आणि तशी खूण असली तरी तेलकट, टोमॅटोचा रस्सा प्लास्टिकमध्ये गरम करू नये असं मला वाटतं. पाणी १०० अंशांवर थांबतं, तेल थांबत नाही. काठाशी, जिथे तवंग चिकटतो तिथे, प्लास्टिक खरबरीत होतं आणि ते पुन्हा कधीच गुळगुळीत होत नाही. टोमॅटोचा लाल रंग, लायकोपीन, पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि प्लास्टिकमध्ये मुरतो. नुसता साबण म्हणूनच हरतो. आधी तेलाचं बोट फिरवून कागदानं पुसा, मग घासा, मग उन्हात ठेवा. बराचसा डाग उतरतो.

स्टीलचे डबे मला कोरड्या गोष्टींसाठी आवडतात. हलके, न फुटणारे. मायक्रोवेव्हमध्ये जात नाहीत आणि आतलं दिसत नाही, हे दोन्ही उरलेल्या अन्नासाठी गैरसोयीचंच. एक गंमत मात्र सांगते. स्टीलच्या भांड्यात टोमॅटोचं खारट-आंबट काही ठेवून वर ॲल्युमिनियमची फॉइल लावली आणि ती अन्नाला टेकली, तर सकाळी फॉइलला भोकं दिसतात. दोन वेगळे धातू आणि मधे खारट-आंबट ओल, म्हणजे साधी बॅटरीच झाली. त्यात ॲल्युमिनियम झिजतं.

शेवटी भाच्याला जी यादी दिली ती छोटी आहे. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आयताकृती पसरट काचेचे चार डबे, म्हणजे कुठलंही झाकण कुठल्याही डब्याला बसेल. दोन-तीन अगदी लहान, वाटीएवढे, अर्धा चिरलेला कांदा आणि चमचाभर चटणीसाठी, पण तेही आपसात एकाच मापाचे. कागदी चिकटपट्टी आणि पेन फ्रीजवरच ठेवायचं, झाकणावर तारीख लिहायची, कारण शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये तीन-चार दिवसच ठेवावं आणि तो पहिला दिवस कुठला हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

खोक्यावर मोठ्या अक्षरात “२४ नग” लिहिलेले सेट घेऊ नका. त्यातले १२ नग झाकणं असतात, उरलेल्यांतले निम्मे इतके बारके की त्यात लिंबाची फोड मावेल, आणि प्रत्येक झाकण वेगळ्या मापाचं. सुटे डबे मिळत असतील तर सुटेच घ्या, आणि पैसे देण्याआधी झाकण एकदा लावून, काढून, दुसऱ्या डब्याला लावून बघा.