लाईट गेली

दुपारी जेवून पडवीत आडवा झालो. डोळा लागतोय न लागतोय तोच पंखा थांबला. कुंपणापलीकडून काकू म्हणाल्या, "गेली बाई लाईट! बरं तर बरं, आज जेवण लाईटच केलं होतं." पुढे त्या सोलकढीबद्दल काहीतरी बोलत राहिल्या, पण माझी झोप उडाली ती उडालीच. एका दमात दोन लाईट! एक गेलेली, एक पोटात उतरलेलं.

काकूंना सांगून उपयोग नव्हता, पण या दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. इंग्रजीत ते एका वेषात वावरतात इतकंच. उजेडाचा लाईट ज्या मुळातून आला, त्याच मुळातून संस्कृतातलं 'रुच्' आलं. रुची म्हणजे आधी झळाळी. चव आणि आवड ही नंतरची. लॅटिनमधला 'लक्स' याच भावकीतला. हलका लाईट मात्र आपल्या 'लघु'चा चुलतभाऊ. फुफ्फुसाला इंग्रजीत लंग म्हणतात तेही याच घराण्यातलं, कारण ते वजनाला हलकं. म्हणजे काकूंच्या घरात जेवण झालं लघु, आणि गेली ती रुची.

जर्मन लोकांनी या दोघांना वेगळं ठेवलंय. उजेड तो 'लिख्ट', हलका तो 'लाइख्ट'. इंग्रजांनी मधला घशातला आवाज गिळून टाकला, पण स्पेलिंगमध्ये जी-एच तसेच ठेवले आणि त्यापायी आम्ही शाळेत छड्या खाल्ल्या. 'डिलाईट'मध्ये तर तो आवाज कधी नव्हताच. सोळाव्या शतकात त्याला लाईटचा नातेवाईक समजून उगाच जी-एच चिकटवले गेले. ती छडी तर निव्वळ फुकट.

लायटरचीही तीच गत. एक बिडी पेटवणारा, आणि दुसरा चक्क होडी! मोठं जहाज धक्क्याला लागू शकत नसलं की त्यातला माल उतरवून घेऊन त्याला हलकं करते ती सपाट तळाची होडी म्हणजे लायटर. आमच्याकडे हे काम पडाव करायचे. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट हर्णैला लांब समुद्रातच उभी राहायची. तिच्या कुशीतला दरवाजा उघडला की खाली पडाव लाटेबरोबर वर-खाली होताना दिसायचा. खलाशी आम्हा पोरांना बखोटीला धरून लाटेची वाट बघत थांबायचा. पडाव वर आला की "हां!" म्हणून सोडून द्यायचा, खाली दुसरा झेलायला असायचाच. मग ट्रंका, वळकट्या, आणि सगळ्यात शेवटी आजी. एका हातात पानाचा डबा, दुसऱ्या हाताने खलाशाचं मनगट धरून ती ओरडायची, "मेल्या, हात सोडलास तर बघ!" तो सोडायचाच, कारण त्याशिवाय ती खाली कशी जाणार? वाहनातून उतरण्याला इंग्रजीत 'अलाईट' म्हणतात, तो हलक्या लाईटचा वंशज. माणूस उतरला की घोडा हलका होतो, म्हणून. आजी वाळूत उतरल्यावर पडाव बोटभर वर यायचा. हे तेव्हा बोललो असतो तर पानाचा डबा डोक्यात बसला असता.

हे सगळं ठीक. मला डोक्यात जातो तो तिसरा लाईट. "लाईट घे रे!" कशाचंही काही झालं की हल्लीची मुलं हेच सांगतात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. विजेचे खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे मोडून पडले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. फोनला रेंज आली तेव्हा पुण्याहून भाच्याचा पहिला फोन. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, लाईट घ्या." म्हटलं, "घेतो की, पाठवून दे."

तो हसला, मीही हसलो. बागेत मात्र नारळ मुळासकट उपटले होते आणि पोफळी मधोमध मोडल्या होत्या. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं जातात. वडिलांच्या वयाच्या माणसांनी त्या पावसाळ्यात पुन्हा रोपं लावली, ती कुणासाठी, हे त्यांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.