डिलो ब्राउझरला टोरंटची जोड: कामाची आजवरची नोंद

डिलो या हलक्या ब्राउझरमध्ये मॅग्नेट लिंकवर (टोरंटची, म्हणजे अनेक संगणकांनी एकमेकांना तुकड्यातुकड्यांनी फाइल देण्याच्या बिटटोरंट पद्धतीची लिंक) क्लिक केले की ब्राउझरच्याच खिडकीत त्या फाइलची माहिती दिसावी, वापरणाऱ्याने होकार दिल्यावरच डाउनलोड सुरू व्हावे आणि ब्राउझर बंद केला तरी ते चालू राहावे, एवढी अपेक्षा ठेवून हाती घेतलेले काम आता रोजच्या वापरात आणण्याइतके झाले आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतील माझ्या टेबलावर अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर आणि १ जीबी रॅम असलेली जुनी नेटबुक आहे आणि सगळी चाचणी तिच्यावरच चालते. हा प्रोसेसर फक्त ३२-बिट आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीने २०२५ मधील १३व्या आवृत्तीपासून ३२-बिट इंटेलसाठी इन्स्टॉलर देणे बंद केल्यामुळे, डेबियन १२ वर आधारलेले अँटीएक्स २३ तिच्यावर घातले आहे.

टोरंटचा भाग ब्राउझरच्या आत ठेवायचा की बाहेर, हा पहिला निर्णय होता. ऑपेराने २००६ मध्ये आपल्या ९व्या आवृत्तीत बिटटोरंट थेट ब्राउझरमध्ये आणले होते आणि ती सोय त्या काळी खरोखरच उपयोगी होती. परंतु हलक्या ब्राउझरचा हलकेपणा टिकवायचा असेल, तर शेकडो जोडण्या सांभाळणारा, प्रत्येक तुकड्याचा हॅश (त्यातील माहितीवरून गणिताने काढलेला ठसा) तपासणारा भाग त्याच्या पोटात असू नये, असे माझे ठाम मत आहे. डिलोची रचना या मताला अनुकूल आहे. त्यात 'डीपीआय' नावाची प्लगइनची व्यवस्था असून प्रत्येक प्लगइन ही स्वतंत्र प्रोसेस असते. ती कोसळली तरी ब्राउझर उभा राहतो. एखादी योजना, म्हणजे लिंकमधील अपूर्णविरामाच्या आधीचा शब्द, कोणत्या प्लगइनकडे सोपवायची हे वापरणाऱ्याच्या सेटिंग फाइलमध्ये एका ओळीत लिहिता येते. मॅग्नेटसाठी तशी एक ओळ घातली आणि डिलोच्या मूळ कोडला हातही न लावता लिंक माझ्या प्लगइनपर्यंत पोहोचू लागली.

प्लगइन सी भाषेत लिहिले आहे आणि ते स्वतः काहीही डाउनलोड करत नाही. ते काम आरिया२ हा पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम करतो आणि प्लगइन त्याच्याशी ६८०० क्रमांकाच्या पोर्टवरून जेएसओएन-आरपीसी या मजकुरी संदेशांच्या पद्धतीने बोलते. हे पोर्ट फक्त त्याच यंत्रापुरते उघडे आहे आणि त्याला गुप्त टोकनही लावले आहे. ट्रान्समिशन या टोरंट प्रोग्रॅमचाही विचार झाला होता, पण आरिया२ एचटीटीपी, एफटीपी आणि बिटटोरंट या तिन्ही मार्गांनी फाइल आणतो, त्यामुळे डिलोचे नेहमीचे डाउनलोडही त्याच्याकडेच वळवता आले आणि एका कामासाठी दोन प्रोग्रॅम पोसण्याची गरज राहिली नाही. सीमध्ये लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आरिया२ फाइलचा आकार आकड्याऐवजी अक्षरमालेत पाठवतो, आणि ३२-बिट यंत्रावर ती साध्या 'लाँग' या पूर्णांकाच्या प्रकारात उतरवली तर २ जीबीच्या पुढे हिशेब कोलमडतो.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो होकाराच्या पानाचा. मॅग्नेट लिंकमध्ये फाइल नसते आणि फाइलींची यादीही नसते; असतो तो इन्फोहॅश, म्हणजे एसएचए-१ ने काढलेला २० बाइटचा ठसा, आणि बहुधा एक नाव व काही ट्रॅकरचे, म्हणजे फाइल कोणाकडे आहे हे सांगणाऱ्या सर्व्हरचे, पत्ते. यादी हवी असेल तर आधी त्या फाइलच्या जाळ्यात शिरून इतर पिअरकडून, म्हणजे जाळ्यातील संगणकांकडून, ती १६ केबीच्या भागांनी मागवावी लागते. याचा अर्थ असा की 'नुसते पाहू तरी काय आहे' म्हटले, तरी आपला आयपी पत्ता अनोळखी यंत्रांपर्यंत जातो. एखाद्या पानाने चित्राच्या जागी गुपचूप मॅग्नेट लिंक ठेवली, तर वापरणाऱ्याच्या नकळत हे घडू नये, यासाठी मी दोन टप्पे ठेवले. पहिल्या पानावर फक्त लिंकमध्येच लिहिलेले नाव, इन्फोहॅश आणि ट्रॅकर दिसतात आणि तोवर नेटवर एकही पॅकेट जात नाही. तेथे होकार मिळाला की यादी मागवली जाते आणि दुसऱ्या पानावर प्रत्येक फाइलचे नाव व आकार चौकटीसह येतो. ज्या हव्यात त्यांवर खूण करायची आणि पुन्हा होकार द्यायचा. दोन्ही फॉर्ममध्ये एकदाच चालणारे यादृच्छिक टोकन असते, त्यामुळे बाहेरच्या कोणत्याही पानाला परस्पर होकार देता येत नाही. दोनदा क्लिक करावे लागते हे खरे, पण ही किंमत मला रास्त वाटते.

या दोन टप्प्यांना आरिया२ ची एक सोय नेमकी जुळली. मॅग्नेट दिल्यावर तो आधी केवळ यादीसाठी एक काम उघडतो आणि त्याला स्वतःचा ओळख क्रमांक देतो. यादी हाती आली की ते काम पूर्ण झाल्याचे सांगून खऱ्या डाउनलोडसाठी नवा क्रमांक काढतो. म्हणजे पहिल्या क्रमांकावर डोळे लावून बसणाऱ्या प्लगइनला 'पूर्ण' असे उत्तर मिळते आणि डिस्कवर मात्र काहीच आलेले नसते. त्या उत्तरातच 'यानंतरचे काम कोणते' हे सांगणारा रकाना असतो. तो वाचून नव्या क्रमांकाकडे वळायचे. यादीनंतरचे काम थांबलेल्या अवस्थेतच उघडावे, असाही पर्याय आरिया२ मध्ये आहे. तो चालू ठेवला की निवड होईपर्यंत एकही तुकडा येत नाही, आणि साध्या टोरंट फाइलच्या बाबतीतही हेच वळण लागू पडते.

फाइली निवडण्याची ही सोय किती मोलाची आहे, ते इंटरनेट आर्काइव्हवरील जुन्या मराठी पुस्तकांच्या वेळी कळते. तेथील एका पुस्तकाच्या टोरंटमध्ये पीडीएफसोबत मूळ स्कॅनच्या प्रतिमांचा भलामोठा गठ्ठाही असतो. आपल्याला पीडीएफ पुरेशी असते. मात्र बिटटोरंटच्या पहिल्या आवृत्तीत सगळ्या फाइली एकापुढे एक जोडून मग त्यांचे सारखे तुकडे पाडलेले असतात, त्यामुळे एका तुकड्यात दोन फाइलींचा अंश येऊ शकतो आणि निवड न केलेली शेजारची फाइलही थोडीशी भरलेली अशी डिस्कवर उमटते. आरिया२ च्या माहितीपुस्तिकेत हे मुद्दाम नमूद केले आहे. वापरणारा गोंधळू नये म्हणून काम पूर्ण झाल्याच्या पानावर निवडलेल्याच फाइलींची नावे दाखवतो.

आता जुन्या यंत्रासाठी केलेल्या सेटिंगविषयी. डिस्कसाठी राखलेली मेमरी मुळात १६ एमबी असते, ती ४ एमबी केली. एका टोरंटमागे ५५ पिअरची मर्यादा २५ वर आणली. फाइलसाठी जागा आधीच राखून ठेवण्याची पद्धत ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टमवर (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीवर) चटकन पार पडते, पण एफएटी३२ च्या पेनड्राइव्हवर तीच गोष्ट सगळी फाइल लिहून काढण्याइतकी रेंगाळते आणि तेवढा वेळ आरिया२ कोणालाच उत्तर देत नाही. डिलोतील पान कोरेच राहते. म्हणून प्लगइन आधी ठिकाणाची फाइलसिस्टम पाहते आणि एफएटी३२ असल्यास जागा राखणे बंद करते. त्या फाइलसिस्टमवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, तीही सूचना तेथेच मिळते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे खंडित डाउनलोडचीही काळजी घेतली. आरिया२ आपली प्रगती दर ६० सेकंदांनी टिपतो; अचानक बंद पडल्यास तेवढेच टिपण बुडते आणि पुन्हा सुरू करताना हॅश तपासून घेतले की डिस्कवर आलेले तुकडे परत मोजणीत येतात.

अपलोडचा प्रश्न याहून नाजूक आहे. नवी टोरंट सॉफ्टवेअर यूटीपी हे डेटा पाठवण्याचे तंत्र वापरतात, जे लाइनवर ताण दिसताच आपण होऊन मागे सरते. आरिया२ मध्ये ते नाही. अपलोड मोकळे सोडले तर केबल ब्रॉडबँडची परतीची वाट तुंबते आणि त्याच घरात दुसऱ्या कोणाला साधे पानही उघडता येत नाही. अपलोड शून्यावर आणणे हा उपाय मला मान्य नाही, कारण बिटटोरंटचा सगळा व्यवहार देवाणघेवाणीवर उभा आहे आणि जो देत नाही त्याला इतर पिअरही हात आखडता घेऊनच देतात. म्हणून लाइनच्या अपलोड वेगाचा एक माफक हिस्साच खुला ठेवला. कोल्हापुरात अनेक घरांप्रमाणे माझ्याही राउटरला १००.६४ ने सुरू होणारा सामायिक पत्ता मिळतो, म्हणजे बाहेरून कोणी आपणहून जोडू शकत नाही. आपण पुढाकार घेऊ त्यांच्याशीच व्यवहार होतो. अशा लाइनवर घेतले तितके परत देण्याचे १.० हे प्रमाण गाठायला फार वेळ लागू शकतो, त्यामुळे सोबत वेळेचीही मर्यादा घातली. दोन्हींपैकी जे आधी होईल त्यावर वाटप थांबते.

मंगळवार पेठेतील एका वाचनालयाने चार जुन्या संगणकांवर ही व्यवस्था बसवू दिली, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी थेट विचारले, "डाउनलोड संपल्यावरही आमचे नेट कोण वापरते, ते मला कुठे दिसणार? आणि ही पुस्तके घेणे कायद्यात बसते ना?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ होते: लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे उलटलेली पुस्तकेच आपण निवडतो. पहिल्या प्रश्नामुळे मात्र प्रगतीचे पान बदलले. आता वाटप चालू असेपर्यंत किती दिले, किती वेळ उरला आणि 'आत्ता थांबवा' हे बटण सर्वांत वर असते. डिलो जावास्क्रिप्ट चालवत नाही, त्यामुळे आकडे आपोआप हलत नाहीत आणि पान रीलोड करावे लागते, पण बाईंना त्याची अडचण वाटली नाही.

त्याच वाचनालयात या कामाचे खरे फळ पाहायला मिळाले. आरिया२ मध्ये स्थानिक पिअर शोधण्याची सोय मुळात बंद असते. ती चालू केली की एका नेटवर्कमधील यंत्रे ६७७१ पोर्टवर मल्टिकास्ट करून, म्हणजे सगळ्यांना एकदम संदेश पाठवून, एकमेकांना आपल्याकडील टोरंट कळवतात. चारही संगणकांवर एकच पुस्तकसंच एका वेळी लावला. साधे डाउनलोड असते तर तीच फाइल बाहेरच्या लाइनवरून चार वेळा आली असती. येथे मात्र प्रत्येक यंत्राने दुर्मीळ तुकड्यांना आधी हात घातल्यामुळे चौघांकडे वेगवेगळे तुकडे जमत गेले आणि बाहेरून साधारण एका प्रतीइतकीच माहिती येऊन उरलेली देवाणघेवाण खोलीतील स्विचवरच झाली. सामायिक फोल्डरनेही हे साधले असते, पण तेथे कोणता संगणक कधी बंद केला जाईल याची खात्री नाही; प्रत्येक यंत्र स्वतःच्या प्रतीसह स्वतंत्र असणेच बरे.

देवनागरीचा प्रश्न अजून सुटलेला नाही आणि तो मला सर्वांत जास्त बोचतो. एफएलटीके या खिडक्या-बटणे काढणाऱ्या लायब्ररीच्या १.३ आवृत्तीवर बांधलेल्या डिलोमध्ये जोडाक्षरे जुळत नाहीत आणि ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसतो, म्हणून पानांवरील बटणे तूर्त इंग्रजीत ठेवावी लागली आहेत. एफएलटीके १.४ मध्ये पँगो या अक्षरजुळणीच्या लायब्ररीच्या साहाय्याने अक्षरे जुळवता येतात, तेव्हा डिलो त्याच्यासह बांधून पाहणे हे पुढचे काम आहे. फाइलींच्या मराठी नावांचीही एक मर्यादा आहे: ईएक्सटी४ वर नावाला २५५ बाइटची कमाल लांबी असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा धरून, ३ बाइट घेते, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे मावतात. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक आणि वर्ष एकाच नावात घालणाऱ्यांच्या फाइली त्यापुढे सहज जातात. सध्या प्लगइन अशा फाइलीपुढे इशारा देऊन ती निवडीतून वगळते. नाव अक्षराच्या मध्येच न तोडता, शेवटचे जोडाक्षर शाबूत ठेवून, आखूड करण्याचा कोड अर्धा लिहून झाला आहे. त्यानंतर बिटटोरंटच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी लिबटोरंट ही लायब्ररी या नेटबुकवर कितपत झेपते, ते तपासायचे आहे.