इंजिन बंद, गाडी चालू: हायब्रिड एसयूव्ही समजून घेताना

छोटी एसयूव्ही घ्यायची हे ठरलं होतं, हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असलेली गाडी, घ्यायची हे नव्हतं. चौकशी सुरू केली आणि पहिला गोंधळ तिथेच झाला. 'हायब्रिड' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या जातीच्या गाड्या विकल्या जातात. माइल्ड हायब्रिडमध्ये इंजिनाला पट्ट्याने जोडलेला एक छोटा स्टार्टर-जनरेटर असतो, १२ किंवा ४८ व्होल्टचा. तो सिग्नलला बंद पडलेलं इंजिन अलगद चालू करतो, निघताना थोडा हातभार लावतो, आणि त्याचं काम तिथेच संपतं. पट्ट्यावरची ही मोटर एकटीने गाडी ओढत नाही. त्यामुळे मी एकच कसोटी धरली: इंजिन बंद ठेवून गाडी नुसत्या विजेवर चालते का? चालत असेल तर ती स्ट्राँग हायब्रिड. पुढचं सगळं त्याच जातीबद्दल.

"सर, ही स्वतःच चार्ज होते, प्लगची कटकट नाही," हे वाक्य जाईन तिथे ऐकलं आणि दर वेळी खटकलं. बाहेरून वीज येत नाही, म्हणजे बॅटरीतली सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच आलेली. मग पेट्रोल वाचतं कुठे? याचं उत्तर मिळेपर्यंत बुकिंग करायचं नाही असं ठरवलं.

उत्तर इंजिनाच्या स्वभावात आहे. पेट्रोल इंजिनावर भार कमी असला की ते फार उधळं होतं. रांगत्या ट्रॅफिकमध्ये थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जवळपास मिटलेला असतो आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच बरीच ताकद जाते. तेच इंजिन बऱ्यापैकी भाराखाली चालवलं तर इंधनाचं चीज करतं. हायब्रिड गाडी रांगायचं काम मोटरवर सोपवते. इंजिन लावायचंच असेल तर त्याला गरजेपेक्षा थोडं जास्त काम देऊन वरकड ताकद बॅटरीत भरते.

अशा गाडीला इंजिनही निराळं लागतं. बहुतेकांत ॲटकिन्सन सायकल नावाची कार्यपद्धती असते. हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, आत आलेली थोडी हवा परत बाहेर ढकलली जाते, आणि वायू जितका दाबला जातो त्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो. टोयोटाची अशी काही इंजिनं ४० टक्क्यांच्या आसपास औष्णिक कार्यक्षमता गाठतात, म्हणजे इंधनातल्या ऊर्जेचा तेवढा भाग कामी आणतात. बदल्यात खालच्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) जोर कमी पडतो. पण मोटर नेमकी तिथेच दांडगी असते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

मग टेस्ट ड्राइव्ह. निसानच्या ई-पॉवरमध्ये इंजिन चाकांना जोडलेलंच नाही. ते फक्त वीज बनवतं. होंडाच्या ई:एचईव्हीमध्ये शहरात साधारण तसंच, पण हायवेच्या वेगाला क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकं फिरवतं. ह्युंदाईसारख्यांनी इंजिन आणि साध्या ड्युअल-क्लच (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सच्या मध्ये मोटर बसवली आहे. चालवताना तीच सगळ्यात ओळखीची वाटली. माझं मन मात्र अडकलं टोयोटाच्या रचनेत. १९९७ च्या पहिल्या प्रियसपासून मूळ कल्पना तीच आहे आणि ती कागदावर मांडल्याशिवाय मला झोप लागेना.

मध्ये सन गिअर, त्याभोवती प्लॅनेट गिअर, बाहेरून रिंग गिअर. इंजिन प्लॅनेटना धरणाऱ्या चौकटीला, म्हणजे कॅरियरला, छोटा मोटर-जनरेटर सनला, मोठी मोटर आणि चाकं रिंगच्या बाजूला. जुन्या प्रियसमध्ये सनला ३० आणि रिंगला ७८ दाते होते. म्हणजे इंजिनाचा साधारण २८ टक्के टॉर्क (फिरवण्याचा जोर) सनकडे आणि ७२ टक्के रिंगकडे जाणार, ही वाटणी कायमची. बदलतो तो वेग. गाडी उभी, रिंग स्थिर, आणि इंजिन १००० आरपीएमला फिरतंय असं धरलं तर सन ३६०० ला फिरतो, म्हणजे उभ्या गाडीतही वीज तयार होऊ शकते. उलट इंजिन बंद ठेवून गाडी विजेवर पळत असेल तर सन उलट्या दिशेने गरगरतो. सनचा वेग कमीजास्त केला की इंजिनाचा वेग आपोआप जुळतो. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, रिव्हर्स गिअरसुद्धा नाही. मागे जायला मोटर उलटी फिरते. नाव ई-सीव्हीटी, पण नेहमीच्या सीव्हीटी गिअरबॉक्समध्ये असतो तो पट्टा आत औषधालाही नाही. एवढा सुटसुटीत गिअरबॉक्स दुसरा नसेल, असं माझं ठाम मत झालं आहे. बुकिंग त्याच आठवड्यात केलं.

गाडी आल्यावर ऊर्जेचा पडदा बघत बसायचा नाद लागला. ब्रेकवर हलका पाय ठेवला की बाण चाकांकडून बॅटरीकडे वळतात. जोरात दाबला किंवा गाडी थांबायच्या बेतात आली की नेहमीचे ब्रेक पॅड कामाला लागतात. यातून मिळतं किती? १४०० किलोची गाडी ताशी ६० वर असताना तिच्यात साधारण ०.०५ युनिट ऊर्जा असते, आणि त्यातलाही काही भाग वाटेत गळतो. अशा बॅटऱ्या साधारण एका युनिटच्या आसपासच्या असतात आणि त्याही काठोकाठ भरू किंवा पूर्ण रिकाम्या होऊ दिल्या जात नाहीत. शहरात थांबा-निघाच्या खेळाला एवढं पुरतं.

घाट उतरताना मात्र हिशेब उलटतो. हीच गाडी ३०० मीटर खाली आली की एक युनिटाहून जास्त ऊर्जा मोकळी होते. बॅटरी अर्ध्या उतारातच भरली आणि एकदम इंजिनाची घरघर सुरू झाली. मागून आई म्हणाली, "अरे, उतारावर रेस कशाला देतोयस?" पाय ब्रेकवर होता. बॅटरीत जागा उरली नाही की गाडी पेट्रोल न जाळता इंजिन नुसतं फिरवते आणि जास्तीची ऊर्जा त्यातच जिरवते. लांब उतारावर गिअरचा लिव्हर 'बी'वर (इंजिनाने वेग रोखायच्या स्थितीत) टाकायचा तो यासाठीच. ब्रेक तापत नाहीत.

बाकी सवयी किरकोळ. सिग्नलला 'एन'वर (न्यूट्रलवर) टाकायची जुनी खोड सोडली, कारण त्या स्थितीत बॅटरी चार्ज होत नाही. मागच्या सीटखाली बॅटरीला हवा देणारी जाळी आहे. तिच्यासमोर पिशव्या ठेवायच्या नाहीत आणि सर्व्हिसिंगला तिचा फिल्टर साफ करून घ्यायचा. इंजिन बंद असतानाही एसी गार हवा देत राहतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. गर्दीत अडकलो की हे सुख कळतं.

हायवेबद्दल कोणी विचारलं तर स्पष्ट सांगतो. ताशी १०० च्या एकसारख्या वेगाला साधं इंजिनही बऱ्या भाराखाली चालत असतं आणि ब्रेक क्वचितच लागतो. तिथे ॲव्हरेजचा फरक बराच आटतो, आणि ओव्हरटेकसाठी ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन आधी ओरडतं, वेग मागून येतो. ज्याचं बहुतेक चालवणं तसं असेल त्याने हायब्रिडसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. माझं सगळं गर्दीतलं.