पाईपातलं अर्धा लिटर पाणी

उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलो आणि लातुरात दवाखान्यांतले, हॉटेलांतले फिशटँक सांभाळायचं काम धरलं. दुकानदार सहसा माझ्यासारख्याला बोलवत नाहीत, त्यांना सगळं येत असतं. मागच्या हिवाळ्यात मात्र एकाचा फोन आला. "सर, मासे मरायलेत. औषध टाकून टाकून हात निळे झाले माझे."

गंजगोलाईजवळचं दुकान. रोग ओळखायला भिंगाची गरज नव्हती. मॉली माशांच्या अंगावर रवा सांडावा तसे पांढरे ठिपके. थंडीत रात्री टाकीचं पाणी गार पडलं की माशांचा जोर कमी होतो आणि हा व्हाइट स्पॉट उचल खातो, त्यात नवल काही नाही. नवल होतं ते त्याच्या वाटेचं. रॅकच्या एका टोकापासून निघून टाकीमागून टाकी घेत तो दुसऱ्या टोकाकडे सरकला होता, आणि मधली ऑस्कर माशांची मोठी टाकी तेवढी ठणठणीत!

जाळ्या वेगळ्या, स्पंज फिल्टर वेगळे. मालक त्या बाबतीत सोवळं पाळणारा.

"ऑस्करचं पाणी कसं काढता?"

"त्याला खालून नळ बसवलाय की."

"आन् बाकीच्यांचं?"

पोरानं रॅकमागून पाईप ओढून आणला. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तसला पारदर्शक पाईप, पण आता त्यातून पलीकडचं काही दिसत नव्हतं. दोन्ही तोंडं दुमडून रबरानं बांधलेली, आत पाणी तसंच.

"भरून का ठेवलाय?"

"म्हणजे पुढच्या बारीला तोंडानं ओढावं लागत नाही. आन् पाणी बी वाया जात नाही. सोळा साल बघितलंय सर आम्ही."

यावर काय बोलणार? दुष्काळात, एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर होतं, आणि ते बघायला स्टेशनवर गर्दी. त्या गावात पाईपातलं पाणी ओतून देणं जिवावर येणारच.

पण चार मीटरच्या अर्ध्या इंची पाईपात अर्धा लिटर पाणी मावतं. याच पाईपानं गाळ ओढायचा आणि याच पाईपानं ड्रममधलं नवं पाणी भरायचं. व्हाइट स्पॉटचा जंतू माशाचं अंग सोडून तळाशी, खड्यांवर चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. गाळ ओढताना आपण नेमका तोच उचलतो. पाईपात त्याला ओलावा मिळाला, बसायला भिंत मिळाली. मग पुढच्या टाकीत पहिली धार जायची ती याची.

मी नायलॉनच्या दोरीला फडक्याचा बोळा बांधला, दोरी पाईपातून ओवली आणि पोराला दुसऱ्या टोकानं ओढायला लावली. बोळा निघाला तो काळपट, बुळबुळीत, नासक्या अंड्याच्या वासाचा. मालकानं नाकाला रुमाल लावला. पोरगा म्हणाला, "आन् आधी मी ह्याच्यानं तोंडानं ओढायचो!"

हा थर आधी घासूनच काढावा लागतो. त्यावर नुसतं औषध ओतलं तर वरवर धुतल्यासारखं होतं. बोळा स्वच्छ निघेपर्यंत फिरवला, मग पाईप ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून ठेवला, नंतर क्लोरीन मारायला थायोसल्फेटच्या पाण्यातून काढला. टाक्यांसाठी हीटर आणि औषध सांगितलं, तो भाग नेहमीचाच.

वाळवण्यावर मात्र वाद झाला. मालकानं पाईपाचं वेटोळं करून खिळ्याला अडकवलं. मी ते उतरवून एक टोक उचललं, तर फरशीवर भसकन पाणी. वेटोळ्याच्या खालच्या पोटात पाणी बसूनच राहतं. पाईप जिन्याच्या कठड्यावरून सरळ खाली सोडायचा, दोन्ही तोंडं उघडी, तेही सावलीत, कारण रोजच्या उन्हानं पीव्हीसी ताठरतो. हा जंतू कोरडेपणात तग धरत नाही. पाईप दोन घ्यायचे: एक वापरात, एक वाळत. आजारी टाकीचा तिसरा, त्याला लाल दोरा.

"दोन-तीन पाईप म्हणजे खर्च आला की सर."

"वाळवायला पाणी लागत नाही, शेठ."

हे पटलं. लातुरात पटणारच होतं.

उन्हाळ्यात तिकडून जाताना बघितलं, पाईप जिन्यावरून लोंबत होते. शेजारचा कापडवाला कूलर भरायला त्यातला एक मागत होता, आणि मालक त्याला हार्डवेअरच्या दुकानाचा पत्ता सांगत होता.